मोटारगाडी स्वदेशी कोणती?

मोटारगाडी स्वदेशी की परदेशी, हे तिच्या नावावरून ओळखता येते, असा सर्वसाधारण समज आहे. तो फारसा टिकणारा नाही. कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे अर्ध्या शतकाहून अधिक काळ, २०१४ पर्यंत, तयार होत असलेली ‘ॲम्बॅसडर’ ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. मुंबईत कुर्ल्याला पूर्वी तयार होणारी ‘पद्मिनी’ ही मूळची इटलीची फियाट. उलटपक्षी जॅग्वार हे अस्सल इंग्रजी नाव २००८ पासून टाटांच्या मालकीचे आहे. तेव्हा देशी व परदेशी कारखानदारांपैकी पुढे कोण टिकाव धरील, याचा विचार करावयाचा तर गाडीचे झाकण उघडून आत पाहणे अधिक श्रेयस्कर.

स्पर्धा अडवून कारखानदारी वाढते काय, याचा अनुभव भारताने घेतलेला आहे. १९५३ मधील प्रशुल्क आयोगाच्या शिफारशीनंतर, परदेशी भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांना येथे वाव राहिला नाही. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपले काम आवरते घेतले. देशी कारखाने जगले खरे, परंतु ॲम्बॅसडरचे रूप शेवटपर्यंत जवळजवळ तेच राहिले. याहून फलदायी ठरला तो १९८२ मध्ये मारुतीने जपानच्या सुझुकी कंपनीशी केलेला करार. गुडगावहून पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये बाहेर पडली. तिचे भाग क्रमाक्रमाने येथेच घडविण्याचे बंधन असल्यामुळे भोवताली सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. पुढे बाजारपेठ खुली झाली तरी मोठ्या परदेशी नावांचा जय निश्चित नव्हता. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबविली. फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले आणि तिचा साणंदचा कारखाना टाटांनी घेतला.

हे सारे पेट्रोल व डीझेलच्या एंजिनांचे युग होते. दट्ट्या, झडपा, दंतचक्रे यांची विद्या पुणे, चेन्नई व गुडगाव येथील कारागिरांनी कित्येक वर्षांच्या सरावाने हस्तगत केली. विजेवर चालणाऱ्या गाडीत यांपैकी बहुतेक भाग लागतच नाहीत. तिचा सर्वांत महाग भाग म्हणजे लिथियम-आयन बॅटरी. या बॅटरीच्या प्रत्येक घटात दोन विद्युदग्रे असतात. गाडी चालताना लिथियमचे आयन एका अग्राकडून दुसऱ्याकडे जातात व वीज भरताना परत येतात. धनाग्र कशाचे करावयाचे, यावर किंमत पुष्कळशी अवलंबून असते. निकेल व कोबाल्ट महाग. त्यांच्याऐवजी लोह-फॉस्फेट वापरता येते, हे अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात दाखवून दिले. असा घट स्वस्त व अधिक सुरक्षित असतो, मात्र वजनाच्या मानाने ऊर्जा कमी साठवितो. शोध अमेरिकेत लागला. त्याचे प्रचंड उत्पादन केले ते चीनने. तेथील बीवायडी ही कंपनी १९९५ मध्ये बॅटऱ्या करण्यासाठीच निघाली; मोटारींकडे ती २००३ मध्ये वळली. तिचे घट ती स्वतःच बनविते. भारतीय गाड्यांतील घट मात्र अद्याप बहुतांशी बाहेरून येतात.

मोटरीतील चुंबकाची कथा याहून उद्बोधक आहे. निओडिमियम, लोह व बोरॉन यांचे बलवान चुंबक १९८० नंतर जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी तयार केले. आज त्यांच्या उत्पादनावरही चीनचेच वर्चस्व आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ मृत्तिका धातू व त्यांची चुंबके यांच्या निर्यातीस परवान्याची अट घातली, तेव्हा अनेक देशांतील मोटार कारखानदारांबरोबर भारतीयांचीही अडचण झाली. वास्तविक केरळ, तमिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट हे खनिज आहे, त्यात निओडिमियम आहे, आणि केरळातील आलुवा येथे १९५२ मध्येच मोनाझाइटावर प्रक्रिया सुरू झाली होती! उणीव आहे ती पुढच्या पायऱ्यांची : ऑक्साइडापासून धातू, धातूपासून मिश्रधातू, त्याचे बारीक चूर्ण, आणि ते दाबून व भाजून केलेले चुंबक. या पायऱ्या येथे बांधण्यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

चुंबकाविना चालणारी इंडक्शन मोटर हा दुसरा मार्ग. तिच्या फिरत्या भागात विद्युत्प्रवाहानेच चुंबकत्व उत्पन्न होते. परंतु त्यापायी काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. मग तितकाच पल्ला गाठावयाचा तर बॅटरी मोठी घ्यावी लागते, आणि तिचे घट पुन्हा परदेशातून मागवावे लागतात.