‘नाही’ कुठे गेलं?

गेल्या गणपतीत, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मखर माळ्यावर टाकून झाल्यावर आम्ही घरातले सगळे एक नवा मराठी चित्रपट बघत बसलो होतो. शेवटच्या प्रसंगात नायिका खिडकीकडे तोंड करून, ओठांतल्या ओठांत, जुन्या मित्राला काहीतरी सांगते. मला ऐकू आलं, ‘‘मी तुला विसरले.’’ बायकोला ऐकू आलं, ‘‘विसरले नाही.’’ आईने विचारलं, ‘‘काय म्हणाली रे ती?’’ तीनदा मागे नेऊन लावलं. पंखा बंद केला. आवाज वाढवला, तर नेमकी त्याच क्षणी व्हायोलिनं अंगावर आली आणि खालच्या मजल्यावरून फोन आला.

आई ८१ वर्षांची. दोष तिच्या कानांचा, असं आम्ही धरून चाललो होतो. तपासून आणले, तर वयाच्या मानाने उत्तम निघाले. रेडिओवरच्या बातम्या तिला स्वयंपाकघरातून स्वच्छ ऐकू येतात. शिवाय त्या रात्री मलाही ऐकू आलं नव्हतंच.

बोलण्यातला जोर असतो स्वरांत. अ, आ, ओ यांची बहुतेक ताकद एक हजार हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली. स, श, त, क ओळखू येतात ते त्याच्या वरच्या, साधारण दोन ते आठ हजारांच्या पट्ट्यात, आणि तिथे ऊर्जा असते जेमतेम. शब्दाचा अर्थ मात्र बराचसा व्यंजनांच्याच खांद्यावर. वय वाढतं तसा कानाचा हाच वरचा पट्टा आधी झिजतो.

मराठीची गोम वेगळीच. आपण मोलाचं ते शेवटी बोलतो. ‘त्याने’ की ‘त्याला’ हे शब्दाच्या टोकाला कळतं, क्रियापद वाक्याच्या टोकाला येतं आणि नकार बहुधा त्याच्याही मागे उभा असतो. श्वास संपतो तोही तिथेच. इंग्रजी नटाने वाक्याचा शेवट गिळला तरी त्याचा नकार तोवर सांगून झालेला असतो. मराठी नटाने शेपूट गिळली की नकाराचा होकार होतो.

रंगभूमीला हे पक्कं ठाऊक होतं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाक्याचं शेवटचं अक्षर ऐकू गेलं पाहिजे, हा तिथला पहिला धडा. ‘नटसम्राट’ 1970 साली रंगमंचावर आलं, त्यातले डॉ. श्रीराम लागू शिक्षणाने आणि व्यवसायाने कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. आवाज निघतो कुठून आणि पोहोचतो कुठे, ही दोन्ही टोकं त्यांनी उघडून पाहिलेली. पुढे त्यांनी ‘वाचिक अभिनय’ नावाचं पुस्तकच लिहिलं.

पडद्यावर मात्र ‘नाटकी’ ही शिवी आहे, आणि ती उगाच नाही. कॅमेरा नाकाशी आलेला असताना शेवटच्या रांगेसाठी बोलणारा नट हास्यास्पदच दिसतो. कुजबुज ही चित्रपटाची खरी कमाई आहे, ती मला परत करायची नाही. तक्रार एवढीच की ती कुजबुज माझ्यापर्यंत यावी.

प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ 1932 चा. तेव्हा आवाज चित्रीकरणातच घेतला जाई, पण काही नट नाटकातून आलेले, त्यामुळे माइकची चिंता कमी. पुढे कॅमेरे खडखडू लागले, चित्रीकरण स्टुडिओबाहेर गेलं आणि जागेवरचा आवाज नुसता ‘पायलट ट्रॅक’ उरला. डबिंगच्या वेळी नटाला संदर्भ म्हणून. खरं बोलणं बंद खोलीत, माइकपासून वीतभरावर. ओठ एकीकडे नि शब्द एकीकडे, असं व्हायचं. पण शब्द टपोरे. 2001 च्या ‘लगान’ने सिंक साउंडचं, म्हणजे चित्रीकरणातच आवाज घेण्याचं, वारं पुन्हा आणलं. नकुल कामटे यांनी कच्छच्या माळावर, माणसांच्या त्या गर्दीत संवाद जागेवर टिपले. अभिनय खरा झाला यात शंका नाही. पण त्यासाठी बूमला, म्हणजे लांब दांडीवरच्या माइकला, नटाच्या डोक्याशी जाता आलं पाहिजे. आता एकाच वेळी दोन कॅमेरे लावतात, एक लांबचं दृश्य घेतो, एक जवळचं. लांबच्या चौकटीत बूम दिसेल म्हणून तो मागे सरतो, मग सगळी भिस्त कपड्यांत दडवलेल्या लेपल माइकवर. त्याला छातीचा घुमारा ऐकू येतो आणि साडीची सळसळही.

अंधेरीतल्या एका मिक्सिंग स्टुडिओत मी एक दुपार बसलो होतो. भिंती आवाज पिऊन टाकणाऱ्या, पडद्यामागे मोठाले स्पीकर, बाहेरचा हॉर्नसुद्धा आत येत नाही. प्रत्येक वाक्य सुरू होण्याआधीच दिग्दर्शकाचे ओठ हलत होते. ध्वनिमिश्रकानेही तो प्रसंग त्या आठवड्यात पन्नासदा तरी ऐकला असेल. संगीत चढवलं तरी कुणाचं काही अडलं नाही, कारण संवाद त्यांना पाठ होते. त्या खोलीत ते वाक्य पहिल्यांदा ऐकणारा मी एकटाच होतो. माझं एक वाक्य हुकलं. मी संकोचाने गप्प बसलो.

तिथे संवादाला स्वतःचा मधला स्पीकर असतो. आमच्या दिवाणखान्यात पाच दिशांचा तो आवाज दोन चिमुकल्या स्पीकरांत कोंबला जातो, आणि मग संवाद, वादळ, व्हायोलिनं सगळी एकाच दारातून धक्काबुक्की करत बाहेर येतात. टीव्ही पापडासारखा पातळ झाला तसे हे स्पीकर तळाशी किंवा पाठीमागे गेले. म्हणजे नायिका बोलते आमच्याकडे बघून, आवाज जातो भिंतीकडे.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. 2014 मध्ये बीबीसीच्या ‘जमैका इन’ मालिकेतली पुटपुट ऐकून दोन हजारांहून जास्त प्रेक्षकांनी तक्रारी केल्या. क्रिस्टोफर नोलनच्या ‘टेनेट’बद्दल 2020 मध्ये हीच ओरड झाली; पण नोलन हे जाणूनबुजून करतो, डबिंगपेक्षा त्याला चित्रीकरणाच्या क्षणीचा अभिनय मोलाचा वाटतो. आता काही ओटीटींनी फक्त संवाद उचलून देणारं बटण दिलंय. ‘सैराट’ची आठवण इथे मुद्दाम काढतो: त्यातल्या करमाळ्याकडच्या बोलीतले काही शब्द मला समजले नाहीत, पण ऐकू सगळे आले.

त्या रात्री शेवटी सबटायटल लावायची ठरली. मराठी चित्रपट, मराठी घर. यादीत भाषा एकच, इंग्रजी. आईला इंग्रजी वाचायची सवय नाही. मग सहावीतल्या नातवाने पडद्यावरचं वाक्य वाचलं, मनात जुळवलं आणि आजीला मराठीत सांगितलं, ‘‘आजी, ती म्हणतेय, मी तुला विसरले नाही.’’

आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. ‘‘मग तोंड उघडून म्हणायला काय झालं होतं बाईला?’’