घरचीच तर माणसे!

दोन-तीन वर्षे गाण्याच्या वर्गाला नेमाने जाणारा विद्यार्थी, मग तो दहा वर्षांचा मुलगा असो की नोकरीतून निवृत्त झाल्यावर हौसेने पेटी घेऊन बसलेला गृहस्थ असो, गणपतीच्या दिवसांत अथवा कोजागिरीच्या रात्री जमलेल्या आप्तमंडळींपुढे पहिल्यांदा गावयास बसविला जातो, तेव्हा त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहून कोणी ना कोणी वडीलधारे माणूस ठरलेले वाक्य उच्चारतेच: "अरे, घरचीच तर माणसे आहेत, त्यांच्यापुढे कसली भीती?" हे वाक्य मायेपोटी आलेले असते, याविषयी वाद नाही; परंतु त्यातली समजूत तपासावयास घेतली तर ती फारशी टिकत नाही, आणि ज्याला धीर द्यावयाचा त्याच्या मनात मूळच्या भीतीच्या जोडीला, भीती वाटल्याची शरम तेवढी नव्याने दाखल होते.

वस्तुस्थिती अशी की पहिल्या गायनासाठी घरची बैठक ही सोपी नव्हे, पुष्कळदा अवघडच सभा असते. परक्या श्रोत्याला गाणे रुचले नाही तर तो उठून जातो आणि त्याचा निवाडाही त्याच्याबरोबरच दाराबाहेर पडतो, आत्या मात्र उठून जात नाही, ती दिवाळीला येते, लग्नकार्यात भेटते, आणि "त्या दिवशी मध्येच अडखळला होतास, आठवते का रे?" असे निर्मळ मनाने विचारते. शिवाय प्रत्येक घराच्या दप्तरात प्रत्येकाच्या नावापुढे एक नोंद कायम झालेली असते, की हा गणितात हुशार, ही अबोल, हा उनाड. आणि अशा घरात पहिल्यांदा गावयास बसणे म्हणजे त्या नोंदीत फेरफार करून मिळण्याचा अर्ज भर सभेत वाचून दाखविण्यासारखे असते. त्या वेळी घशाला कोरड पडली तर त्यात नवल ते काय?

याला प्रयोगाचाही दाखला आहे. अमेरिकेतील जेनिफर बटलर आणि रॉय बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, अवघड आणि कौशल्याची कामे करणाऱ्या माणसांना आपल्या यशाची इच्छा करणारे, सहानुभूतीचे प्रेक्षक दिले असता, त्यांचे काम तशी सहानुभूती नसलेल्या प्रेक्षकांपुढे झालेल्या कामापेक्षा उणे उतरले. कारण मायेच्या माणसांची निराशा होऊ नये म्हणून ती अतिसावध झाली आणि जपून जपून पावले टाकू लागली. मौजेची गोष्ट ही की, त्याच माणसांना स्वतःला विचारले तर हेच प्रेक्षक कमी ताणाचे आणि आपल्याला साहाय्यक वाटत होते. ती कामे संगीताची नव्हती, तेव्हा हा निष्कर्ष जसाच्या तसा गाण्याला लावण्याची घाई करू नये. तथापि चुकू नये म्हणून मींड अर्ध्यावर सोडणारा आणि तान घेण्याऐवजी मुखड्याचाच आश्रय पुनःपुन्हा करणारा नवशिका ज्याने पाहिला आहे, त्याला ही अतिसावधता ओळखीची वाटेल.

दुसरी समजूत हिच्याहून घातक आहे, आणि ती अशी की ज्याच्या अंगी खरी कला आहे त्याला भय ठाऊकच नसते. आपल्याकडे ही समजूत रुजण्यास बालप्रतिभेच्या कथांनी मोठाच हातभार लावला आहे. लहानग्या नारायण राजहंसाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला 'बालगंधर्व' म्हटल्याची आख्यायिका, किंवा शिवपुत्र कोमकली नावाच्या मुलाने कोवळ्या वयातच जाणत्यांच्या सभा जिंकून कुमार गंधर्व हे नाव सार्थ केल्याची हकीकत, या गोष्टी घरोघर सांगितल्या जातात आणि त्यांच्या शेजारी आपला हातरुमाल पिळीत बसलेला भाचा उभा करून त्याला नापास केले जाते. अलौकिक उदाहरणावरून सर्वसाधारण नियम बसविणे हा न्याय कोणत्याही कचेरीत चालणार नाही. उलट बाजूचा पुरावा हवा असेल तर तो ज्यांच्या अधिकाराविषयी कोणी शंका घेणार नाही अशांच्या चरित्रांत सापडतो. चेलोवादक पाब्लो कासाल्स यांना मंचावर जाण्यापूर्वीचे भय जन्मभर सोडून गेले नाही. 1901 मध्ये कॅलिफोर्नियातील एका डोंगरावर दगड पडून त्यांच्या डाव्या हाताचे बोट चेचले गेले, तेव्हा मनात आलेला पहिला विचार आता पुन्हा वाजवावे लागणार नाही हा सुटकेचा होता, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ 1953 ते 1965 अशी बारा वर्षे जाहीर वादनापासून दूर राहिले, आणि त्यांच्या रंगमंचभयाच्या हकीकती तर सर्वश्रुतच आहेत. भय हे कलेच्या अभावाचे लक्षण असते, तर या मंडळींच्या सनदा केव्हाच रद्दबातल व्हावयास हव्या होत्या.

आता मुख्य बाबीकडे वळू, कारण "रियाज कमी पडला, दुसरे काय!" हा जो अभिप्राय बैठकीनंतर हमखास ऐकू येतो, त्यात अर्धे सत्य आहे आणि अर्ध्या सत्याचा बंदोबस्त करणे नेहमीच कठीण असते. समूहाच्या सान्निध्यात माणसाचे काम सुधारते की बिघडते, याविषयी पूर्वी परस्परविरुद्ध निष्कर्ष निघत असत. रॉबर्ट झायन्स यांनी 1965 मध्ये त्यांची संगती लावली, ती थोडक्यात अशी की दुसऱ्याच्या उपस्थितीने चित्त उद्दीपित होते, आणि उद्दीपित चित्त तेच करू लागते जे त्याच्या सर्वांत अंगवळणी पडलेले असते. म्हणून पक्की मुरलेली क्रिया अधिक चांगली होते आणि नवी, कच्ची क्रिया अधिकच बिघडते. हा नियम किती खोलवरचा आहे हे पाहण्यासाठी 1969 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चक्क झुरळांची परीक्षा घेतली. प्रकाशापासून पळून अंधारी जागा गाठावयाची होती. मार्ग सरळ असता, आसपास दुसरी झुरळे प्रेक्षक म्हणून हजर असली की पळणारे झुरळ अधिक वेगाने पळाले, आणि मार्ग वळणाचा असता त्याच प्रेक्षकांपुढे त्याला अधिक वेळ लागला. आत्यांचा आणि मामांचा यात अधिक्षेप करण्याचा माझा हेतू नाही. पण सान्निध्याचा परिणाम होण्यासाठी प्रेक्षकाने मान हलविण्याचीही गरज नसते, हे यातून ध्यानात यावे.

घरच्या बैठकीत नेमके काय बिघडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. वर्गात काळी चारवर गाणारी मुलगी भीतीच्या भरात पेटीवर दिलेला षड्ज नीट न ऐकताच सुरुवात करते आणि जरा चढाच सूर लावते. श्वास वरच्यावर घेतला जात असल्याने ओळ संपण्याआधीच तो संपतो. छातीचे ठोके वाढलेले असल्याने तिच्या मनातली लयही वाढलेली असते आणि मध्यलयीची बंदिश दुसऱ्या आवर्तनातच द्रुत होऊन बसते. तीनतालातली पुष्कळशी छोट्या ख्यालाची चीज नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून, उठते. तिथून समेपर्यंतच्या आठ मात्रा वर्गात आपोआप भरत असत, पण इथे ती सात मात्रांतच समेवर येऊन पोचते, तबल्यावरचा चुलतभाऊ गोंधळून तिच्याकडे पाहतो, आणि तिथे गाणे थांबते. हे थांबणेच खरे नुकसान होय. चूक श्रोत्यांतल्या फार तर दोघांच्या कानी पडली असती. थांबणे सर्वांना कळते.

म्हणून रियाज वाढविण्यापेक्षा त्याची जात बदलणे अधिक हिताचे. गेल्या आठवड्यात शिकलेला नवा राग घरच्यांना ऐकवावा हा मोह अनावर असतो, आणि आईवडिलांना तर फीचा मोबदला ताजाच पाहावयाचा असतो. परंतु नवी चीज ही झुरळाचा वळणाचा मार्ग, आणि दोन वर्षांपूर्वीचा भूप हा सरळ मार्ग. आपल्या कुवतीच्या दोन पायऱ्या खालची चीज निवडणे यात कमीपणा नाही, त्यात शहाणपणच आहे. तालीम करताना नेहमी मुखड्यापासूनच प्रारंभ करण्याची वहिवाट मोडून कधी अंतऱ्यापासून, कधी मधल्याच ओळीपासून चीज उचलण्याची सवय ठेवावी, म्हणजे दोरा तुटला तरी तो कुठूनही पुन्हा हाती येतो. आणि दिवसातून एकदा, चूक झाली तरी न थांबता, पहिल्यापासून शेवटापर्यंत असे गावे की जणू श्रोते समोर आहेत. चूक दुरुस्त करण्याचा रियाज आणि चूक मागे टाकून पुढे जाण्याचा रियाज हे दोन वेगळे आहेत, आणि वर्गात बहुधा पहिलाच होतो.

श्रोत्यांची संख्याही पायरीपायरीने वाढवावी. हळूहळू, सोसवेल अशा मात्रेने भीतीच्या कारणाला सामोरे जाण्याची जी पद्धत जोसेफ वोल्पी यांनी 1958 च्या आपल्या ग्रंथात शास्त्रशुद्ध स्वरूपात मांडली, तिची घरगुती आवृत्ती आपल्या हाताशीच आहे. आरतीच्या वेळी सगळेच गातात, तेव्हा कोणालाच भय नसते. त्यात पहिला आवाज आपण द्यावा. पुढे एखाद्या अभंगात ओळ आपण सांगावी आणि बाकीच्यांनी उचलावी. मग दुपारच्या वेळी एकट्या आजीपुढे, मग आजी आणि काका असे दोघांपुढे. एवढी तयारी झाल्यावर कोजागिरीची वीस माणसे समोर आली तरी ती एकदम अंगावर येत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, भीती पुरती गेल्यावरच बैठकीस बसावे हे बरे. हाही गैरसमजच. ज्याची वाट पाहावयाची ती गोष्ट येणारीच नसते, आणि आली तर गाण्याचे भले होईलच असेही नाही. यर्क्स आणि डॉडसन यांनी 1908 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, अवघड गोष्ट शिकताना अगदी सौम्य आणि अगदी तीव्र अशा दोन्ही उत्तेजनांपेक्षा मध्यम उत्तेजनच फलदायी ठरले होते. छाती धडधडणे, हात गार पडणे, तोंड सुकणे ही सारी लक्षणे अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणाऱ्या अ‍ॅड्रिनलिनच्या अमलाखाली शरीर कामाला सज्ज होत असल्याची आहेत, हे हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी 1915 च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने दाखविले. आणि आनंदाच्या उत्सुकतेतही हृदय असेच धडधडते. याच साम्याचा उपयोग करून अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना गाण्यापूर्वी "मी घाबरलो आहे" असे तर काहींना "मी उत्सुक आहे" असे म्हणावयास लावले. दुसऱ्या गटाचे गाणे, यंत्राने मोजलेल्या अचूकतेत, सरस ठरले, आणि विशेष हे की त्यांच्या हृदयाचे ठोके काही कमी झालेले नव्हते. तेव्हा "शांत हो, शांत हो" हा जो हुकूम घरातून सुटतो, तो शरीराला पाळता येत नाही आणि पाळण्याची गरजही नाही. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हे शरीरशास्त्राला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. म्हणून तानपुरा सुरू झाल्यावर लगेच तोंड न उघडता चार-सहा दीर्घ निःश्वास सोडावेत, षड्ज कानात भरू द्यावा, हातावर मात्रा मोजून लय ठरवावी, आणि मगच उठावे. यात अर्धे मिनिट जाते आणि श्रोत्यांना ते गांभीर्य वाटते.

आपली थरथर साऱ्यांना दिसते ही कल्पनाही अशीच अतिरंजित. थॉमस गिलोविच आणि त्यांचे सहकारी यांनी 1998 पासून केलेल्या संशोधनात, आपल्या मनातले इतरांना जितके दिसते असे आपण मानतो तितके ते दिसत नाही, हे वारंवार दिसून आले. आणि 2003 मधील त्यांच्या अभ्यासात तर, भाषण करणाऱ्यांना ही गोष्ट आधी सांगून ठेवली तर त्यांचे भाषण अधिक चांगले होते असेही आढळले. भय दडविण्याची जबाबदारी डोक्यावरून उतरली की तेवढे अवधान गाण्याकडे वळते, असा त्याचा अर्थ मी लावतो.

औषधोपचारांविषयी दोनच शब्द. ज्येष्ठमधाची कांडी आणि खडीसाखर यांनी घशाला बरे वाटते, पण भयाने आवळलेला गळा त्यांनी मोकळा होत नाही. शिवाय ज्येष्ठमध फार झाले तर रक्तदाब वाढतो. पाश्चात्त्य वादकांत प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी प्रचारात आहे आणि ती हातांचा कंप कमी करतेही. परंतु दमा असणाऱ्यास ती घातक ठरू शकते, आणि आप्तांपुढे भूप गाण्यासाठी तिचे प्रयोजन काय, हे मला तरी उमगत नाही.

राहिली श्रोत्यांची बाब. गाणाऱ्याच्या तोंडासमोर चार बाजूंनी मोबाइल धरले जातात, तेव्हा वीस माणसांच्या बैठकीची कायमची नोंद होत असते आणि गाणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. निदान पहिल्या खेपेस ते खिशात राहू द्यावेत. चीज संपताच "आता एखादे नाट्यगीत होऊन जाऊ दे" अशी जी फर्माईश सुटते, ती तर निव्वळ सापळा होय, कारण जी चीज पक्की होती ती संपलेली असते आणि पुढची तयार नसते. त्या फर्माईशीला "पुढच्या वेळी नक्की, आत्याबाई" असे उत्तर आधीच तयार ठेवून पेटीचा भाता बंद करण्याची मुभा गाणाऱ्याला असावी. आत्याबाईंचा रुसवा फार तर मसाला दुधाचे पेले येईपर्यंत टिकतो.