शिकण्याचे मोजमाप (भाग ४) : जिल्ह्याचा निकाल, मुलाचा नव्हे

मागच्या भागात शाळेतल्या संकलित चाचण्या पाहिल्या. आज अशा परीक्षेविषयी, जिचे गुण मुलाच्या प्रगतिपुस्तकात कधीच उतरत नाहीत.

४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीच्या सुमारे २१ लाख मुलांनी देशभर एकाच दिवशी पेपर सोडवला. जिल्हे होते ७८१, शाळा ७४ हजारांवर. नाव ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’. २०२१ पर्यंत हेच राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण होते आणि शिक्षक अजूनही त्याला ‘नॅस’च म्हणतात. तेव्हा तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीची मुले बसत. नव्या शैक्षणिक धोरणात पायाभूत टप्पा दुसरीला संपतो. तिथवर काय पक्के झाले, ते आता तिसरीत तपासतात.

शाळा मुख्याध्यापक निवडत नाहीत. सगळ्या शाळांच्या यादीतून नमुना निघतो, आणि वर्ग मोठा असला तर त्यातलीही काहीच मुले सोडतीने घेतात. पेपर घ्यायला बाहेरचा क्षेत्रीय अन्वेषक येतो. बहुतेकदा तो डी.एल.एड. किंवा बी.एड. करणारा विद्यार्थी असतो. प्रश्न बहुपर्यायी. तिसरीच्या मुलांना ते वाचून दाखवतात.

शितावरून भाताची परीक्षा, तसेच हे. पण त्यासाठी शीत भांड्यातलेच हवे, वेगळे शिजवून वर ठेवलेले नको. सर्वेक्षण जवळ आले की अनेक शाळांत शिकवणे बाजूला पडते आणि सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे सुटतात. यात शिक्षकांचा दोष मला कमी दिसतो. जिल्ह्याचा क्रमांक खाली गेला की जाब वरून विचारला जातो, आणि तो शेवटी वर्गापर्यंत उतरतो. मात्र पर्यायाचा गोल रंगवण्याचा सराव करून वाढलेला आकडा कोणाच्याच उपयोगाचा नाही. जिथे मदत पोचायला हवी, तो जिल्हाच त्या आकड्याआड लपतो. क्रमवारी लावणे बंद झाले तर सरावाचा हा सोस निम्मा ओसरेल, असे मला वाटते.

निकाल काय सांगतो? ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावणे तिसरीतल्या ५५ टक्के मुलांना जमले. म्हणजे जवळपास निम्म्यांना जमले नाही. गणिताची पुढची सगळी इमारत ज्यावर उभी राहते, तिथेच ही गळती आहे, आणि ती गंभीर आहे.

ती का झाली, हे मात्र या पेपरातून कळत नाही. एखादे मूल ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ वर खूण करते, कारण संख्यानामात त्याची गफलत होते. शेजारच्याला दशक-एककच समजलेले नसते, तोही ६९ वरच खूण करतो. उत्तरपत्रिकेत दोघे सारखेच चुकलेले. वर्गात मात्र दोघांना वेगवेगळे शिकवावे लागते. एकाकडून संख्या मोठ्याने म्हणून घ्यायच्या, दुसऱ्याच्या हातात काड्यांचे गठ्ठे द्यायचे. हे निदान मुलाशेजारी बसूनच होते आणि ते वर्गशिक्षकाचेच काम आहे. त्यासाठी त्याला वेळ मिळायला हवा. याद्या, अहवाल आणि फोटो पाठवण्यात तो वेळ जातो आहे.

पुढच्या भागात ‘असर’ : ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भागात स्वयंसेवक घरोघरी जाऊन एकेका मुलाकडून उतारा वाचून घेतात, ती चाचणी.