नकाशांची समाईक भाषा

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन आहेत. एक ठाणे शहरात, घोडबंदर रस्त्यावर. दुसरा डोंबिवलीच्या पूर्वेस, कल्याण तालुक्यात. दोहोंमध्ये बरेच अंतर आहे, आणि वाटेत खाडी व पारसिकचा डोंगर आडवा आहे. येथल्या माणसाला याची फारशी अडचण पडत नाही. ठाण्याच्या रिक्षावाल्याचा मानपाडा एक, डोंबिवलीच्या रिक्षावाल्याचा दुसरा. बोलणारा कोठे उभा आहे यावरून ऐकणारा अर्थ लावून घेतो. परंतु हाच शब्द एका कचेरीच्या संगणकाकडून दुसऱ्या कचेरीच्या संगणकाकडे गेला म्हणजे अर्थ लावून घेणारा माणूसच मध्ये उरत नाही. यंत्राला तारतम्य नसते. त्याला सारे काही सांगावे लागते. आगीचा बंब किंवा रुग्णवाहिका पाठवावयाची असेल, तर हे सांगणे अर्धवट राहून चालत नाही. काय काय सांगावे लागते, आणि ते सर्वांना समजेल अशा कोणत्या भाषेत सांगावे, हा आमच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. संगणकातील नकाशा म्हणजे चित्र नव्हे. भिंतीवरच्या नकाशात निळी रेघ दिसली की आपण नदी समजतो, काळी-पांढरी दिसली की आगगाडीचा मार्ग. संगणकाच्या पोटात मात्र रंग नसतो, यादी असते: ही वस्तू कोणती, तिचे नाव काय, ती कोठून कोठवर पसरली आहे. रंग आणि रेघा त्या यादीवरून मागाहून काढल्या जातात. एकाच यादीतून पाणीखात्याला नळांचा नकाशा काढता येतो आणि शाळाखात्याला शाळांचा.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. १८३६ साली पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीच्या मोजणीची जी पद्धत सुरू केली, तिच्यात प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीवर दगड आले, क्षेत्र आणि प्रत लिहिली गेली. तेहेतीस फूट लांब आणि तेवढाच रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे माप घरोघर पोचले. ओळख, आकार, माप आणि गुण, या चार गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. परंतु कागदावर त्या पुन्हा वेगळ्या झाल्या. सातबारा महसूल खात्याकडे, नकाशा भूमि अभिलेख खात्याकडे. दोन्ही कागदांवर नंबर एकच, पण दोन्ही कागद एका टेबलावर आणण्यासाठी नागरिकाने दोन दारे ठोठावयाची!

संगणक आले तेव्हा ही दारे कमी होतील असे वाटले होते. झाले उलटेच. नकाशे करण्याच्या प्रणाली विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपली यादी लिहिण्याची रीत वेगळी ठेवली, आणि कित्येकांनी ती गुप्तही ठेवली. एका प्रणालीत काढलेला नळाचा नकाशा दुसऱ्या प्रणालीत काढलेल्या रस्त्याच्या नकाशावर ठेवता येईना. रस्ता एकच, त्याखाली पाण्याचा नळ, विजेची तार, गॅसची वाहिनी आणि सांडपाण्याचे गटार. पण चौघांचे नकाशे चार भाषांत. मग एकाने खणावे आणि दुसऱ्याचे फुटावे, यात नवल ते काय?

या अडचणीवर सामाईक तोड काढण्यासाठी १९९४ साली ओपन जीआयएस कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन झाली. तिलाच पुढे ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम हे नाव मिळाले. सरकारी खाती, विद्यापीठे आणि एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्याही तिच्यात एकत्र बसतात. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल ही मजकुरावर खुणा करण्याची सर्वसाधारण पद्धत मान्य झाली. तिच्या पायावर भूगोलासाठी एक भाषा उभारावी, या कामी कॅनडातील रॉन लेक यांनी पुढाकार घेतला, आणि २००० साली या संस्थेने तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. हीच जिऑग्राफी मार्कअप लँग्वेज, थोडक्यात जीएमएल. २००७ साली ती आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे १९१३६ क्रमांकाचे मानक झाली.

खुणा करणे म्हणजे काय? शाळेची नोंद करावयाची आहे असे समजा. 'शाळा सुरू' अशी खूण करावयाची. तिच्या आत 'नाव सुरू', मग नाव, मग 'नाव समाप्त'. तसेच 'स्थान सुरू', मग अक्षांश-रेखांश, मग 'स्थान समाप्त'. आणि शेवटी 'शाळा समाप्त'. डब्यात डबा ठेवावा तशी ही रचना असते. सारे साध्या अक्षरांत असल्यामुळे यंत्राइतकेच माणसालाही ते वाचता येते. एवढेच नव्हे, तर एक्सएमएलच्या नियमांप्रमाणे या खुणांची नावे देवनागरीतही लिहिता येतात.

आता कोणी विचारील, जगातील सर्व वस्तूंची नावे या भाषेने ठरवून दिली आहेत काय? नाही, आणि तेच तिचे मर्म आहे. जीएमएल व्याकरण देते, शब्दकोश देत नाही. बिंदू कसा लिहावा, रेषा कशी लिहावी, क्षेत्र कसे लिहावे, माप कोणत्या एककात आहे ते कोठे सांगावे, एवढे नियम ती घालते. 'गावठाण', 'बांध', 'नाला' हे शब्द ज्याचे त्याने ठरवावयाचे आणि त्यांची व्याख्या उघडपणे जोडून द्यावयाची. विहीर बिंदूने दाखविता येते, नाला रेषेने. क्षेत्राची हद्द जेथून सुरू झाली तेथेच येऊन मिटली पाहिजे, आणि क्षेत्राच्या पोटात वगळलेला भाग असेल तर त्याची वेगळी हद्द द्यावी लागते. ठाण्याच्या मासुंदा तलावात बेटावर देऊळ आहे; तलावाचे पाणी मोजताना ते बेट वजा झाले पाहिजे. व्याकरणात ही सोय नसती तर देऊळही पाण्यात मोजले गेले असते.

परंतु सर्वांत महत्त्वाचा नियम स्थानासंबंधीचा आहे. डोंबिवलीचा मानपाडा ठोकळमानाने १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.१ अंश पूर्व रेखांशावर आहे. कागदावर नुसते १९.२ आणि ७३.१ लिहिले तर आधी अक्षांश की आधी रेखांश? दोन्ही चाली प्रचारात आहेत. उलट वाचणाऱ्याला मानपाडा नॉर्वेच्याही उत्तरेस थंड समुद्रात सापडेल! म्हणून जीएमएलमध्ये आकड्यांसोबत ते कोणत्या पद्धतीचे आहेत हे सांगण्याची जागा असते. त्यासाठी पद्धतींची एक क्रमांकित सूची आहे, आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीचा तीतील क्रमांक ४३२६ असा आहे.

हा केवळ क्रमाचा प्रश्न नाही. पृथ्वीचा आकार कसा धरला यावरही आकडे बदलतात. १८०२ साली मद्रासजवळ सुरू झालेल्या त्रिकोणमितीय मोजणीची परंपरा सांगणारे आपले जुने सरकारी नकाशे एव्हरेस्ट यांनी ठरविलेल्या गोलाभावर बेतलेले होते. आजची उपग्रहावर चालणारी यंत्रे डब्ल्यूजीएस ८४ ही वेगळी पद्धत वापरतात, आणि २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी उपयोगाच्या नकाशांसाठी तीच स्वीकारली. आपल्या भागात या दोहोंतील फरक शंभर मीटरांच्या घरात जातो. जुन्या नकाशावरचे आकडे नव्या यंत्रात तसेच घातले तर शेजारची गल्ली आपली ठरते. शहरात जागेचा भाव चौरस फुटाने सांगतात. तेथे शंभर मीटर म्हणजे काय, हे श्रोत्यांना सांगावयास नको.

स्थानाप्रमाणे काळही सांगावा लागतो. 'ठाणे जिल्हा' म्हणजे कोणता? १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधीचा आणि नंतरचा ठाणे जिल्हा एक नव्हे. डोंबिवलीच्या आसपासची सत्तावीस गावे २००२ साली महापालिकेच्या हद्दीतून वगळण्यात आली आणि २०१५ साली पुन्हा घेण्यात आली. या हद्दीवर कर, पाणी आणि बांधकामाची परवानगी अवलंबून असते. ही हद्द अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची, असे नोंदीतच लिहिण्याची सोय जीएमएलमध्ये आहे.

ही भाषा कोणी वापरली? ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेने २००१ साली आपला मास्टरमॅप हा तपशीलवार संग्रह जीएमएलमध्येच देण्यास प्रारंभ केला आणि त्यातील प्रत्येक वस्तूला कायमचा क्रमांक दिला. युरोपीय संघाने २००७ साली इन्स्पायर नावाचा निर्देश काढून सभासद देशांना आपली भौगोलिक माहिती समान रीतीने देण्यास बांधून घेतले; तेथेही मुख्य आधार याच भाषेचा आहे. आपल्याकडे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला चौदा अंक-अक्षरांचा 'भू-आधार' क्रमांक देण्याची केंद्र सरकारची योजना २०२१ पासून राबविली जात आहे. तो क्रमांक तुकड्याच्या हद्दीवरील अक्षांश-रेखांशांवरून काढला जातो, आणि त्यासाठी याच कन्सॉर्शियमच्या मानकांचा आधार सांगितलेला आहे. इंदापुरास सुरू झालेल्या कामाचाच हा पुढचा टप्पा होय.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जीएमएल पाल्हाळिक आहे. प्रत्येक गोष्टीला सुरुवात आणि समाप्ती लिहावी लागत असल्यामुळे तिच्या फायली अवजड होतात. पुढच्या आवृत्त्यांत नियम इतके वाढले की सगळे नियम पाळणारी प्रणाली लिहिणे अवघड झाले. म्हणून इंटरनेटवरच्या हलक्याफुलक्या कामासाठी जिओजेसन ही सुटसुटीत पद्धत लोकप्रिय झाली. २०१६ च्या तिच्या मानकात आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात, हे ध्यानात ठेवलेले बरे! शिवाय भाषा खुली झाली म्हणून माहिती खुली होत नाही. तो निराळा निर्णय आहे, आणि भारत सरकारने त्या दिशेने मोठे पाऊल फेब्रुवारी २०२१ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे काढून टाकले. आणखी एक गोष्ट. शुद्ध व्याकरणात खोटेही बोलता येते. मोजणी चुकीची असेल तर ही भाषा ती चूक नीटनेटकेपणाने सर्वत्र पोचवील. मोजणीदाराच्या प्रामाणिकपणाला पर्याय कोणतेही मानक देऊ शकत नाही.

मग सामान्य नागरिकाने यात लक्ष का घालावे? कारण शहराचा नकाशा त्याच्या करातून होतो. दगडी बांधाने शंभर वर्षे साक्ष दिली, कागदाने तेवढीच दिली. पण बंद पद्धतीत लिहिलेला संगणकी नकाशा ती प्रणाली विकणारी कंपनी उठून गेली की मुका होऊ शकतो. तेव्हा आपल्या महापालिकेत नव्या नकाशाच्या कामाची चर्चा निघेल त्या दिवशी तीन प्रश्न विचारावेत. हा नकाशा विकत देणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाला उघडता येईल काय? त्यातील आकडे कोणत्या पद्धतीचे आणि कोणत्या तारखेचे, हे त्यातच लिहिले आहे काय? आणि शेजारच्या खात्याचा नकाशा त्यावर बसतो काय? हे प्रश्न विचारायला संगणकाचे शास्त्र यावे लागत नाही. आपल्या जमिनीची मोजणी सुरू असताना शेतकरी बांधावर जाऊन उभा राहतो. त्याची जी नजर, तीच येथेही पुरेशी आहे.