बर्गरची कुस्ती आहे, पण समोरचा पैलवान कोण?

प्लांट-बेस्ड बर्गर बीफला टक्कर देईल का, यावर अमेरिकेत गेली दहा वर्षं चर्चा चालू आहे. सांगवीत उभं राहून हाच प्रश्न विचारला, तर उत्तर बदलतं. खरं तर प्रश्नच बदलतो!

संध्याकाळचे साडेसहा. कॉलेज किंवा चाकणची अप्रेंटिसशिप उरकून तुम्ही कृष्णा चौकात उतरलात. पोटात कावळे ओरडतायत आणि खिशात साठ रुपये आहेत. समोर गाडीवर वड्यांचा घाणा नुकताच कढईत पडलाय. नंबर येईपर्यंत तुम्ही मोबाइल काढता, तर रीलमध्ये कुणी परदेशी पोरगा बर्गर दाबून दाखवतोय. पॅटीतून लालसर रस गळतोय आणि तो सांगतोय, ‘यात मांसाचा कणही नाही!’

भारी वाटतं ना? पण मग सांगा, तो बर्गर इथे मिळाला, तर तुम्ही रोज खाल का?

‘रक्त’ येतं कुठून?

आधी त्या लाल रसाचं कोडं सोडवू. मांसाला त्याची खास चव येते ती हीम नावाच्या लोहयुक्त रेणूमुळे. आपल्या रक्ताचा लाल रंगही त्याचाच. गंमत म्हणजे सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींमध्येही हीम असलेलं एक प्रोटीन असतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले बायोकेमिस्ट पॅट ब्राउन यांनी २०११ मध्ये ‘इम्पॉसिबल फूड्स’ काढली आणि यीस्टच्या मदतीने हे प्रोटीन टाक्यांमध्ये तयार केलं. त्यांचा बर्गर २०१६ मध्ये बाजारात आला. दुसरी कंपनी ‘बियॉन्ड मीट’. ती वाटाण्याचं प्रोटीन घेते, रंगासाठी बीट वापरते आणि चरबीच्या जागी सुरुवातीला खोबरेल तेल घालायची.

२०१९ मध्ये या दोघांची हवा होती. अमेरिकेत बर्गर किंगने इम्पॉसिबलची पॅटी घातलेला व्हॉपर आणला. बियॉन्ड मीटचा शेअर २५ डॉलरला बाजारात आला आणि तीन महिन्यांच्या आत दोनशेच्या वर गेला.

आणि मग? हवा गेली. बियॉन्ड मीटची वर्षाची विक्री २०२१ मध्ये सुमारे ४६ कोटी डॉलर होती, ती २०२४ मध्ये सुमारे ३३ कोटींवर आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर शेअर एक डॉलरच्याही खाली घसरला. लोकांनी कुतूहल म्हणून एकदा खाल्लं, दुसऱ्यांदा मात्र किंमत बघितली. बीफपेक्षा महाग, चव ‘जवळपास तशीच’ आणि पाकिटामागे घटकांची लांबलचक यादी. ‘जवळपास तशीच’ असलेल्या गोष्टीसाठी जास्त पैसे कोण मोजेल? तेव्हा अमेरिकेतला आजचा निकाल असा, की पॅटी चवीत थोडक्यात हरली आणि किमतीत सपशेल.

आपल्या बर्गरमध्ये बीफ होतंच कुठे?

आता आपल्याकडे या. मॅकडोनल्ड्स १९९६ मध्ये भारतात आलं ते बीफ आणि पोर्क बाजूला ठेवूनच. अमेरिकेतल्या बिग मॅकच्या जागी मटणाचा महाराजा मॅक आला आणि पुढे सगळ्यांवर मात केली ती आलू टिक्कीने. म्हणजे बघा, आपल्या पिढीने आयुष्यातला पहिला बर्गर खाल्ला तोच बहुतेकदा ‘प्लांट-बेस्ड’ होता. फक्त त्याला असं स्टायलिश नाव नव्हतं!

महाराष्ट्रात यामागे कायदाही आहे. गायींच्या कत्तलीवर आधीपासून बंदी होती. मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हशी-रेड्यांचं मांस या बंदीत येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कत्तलबंदी कायम ठेवली, पण दुसऱ्या राज्यातून आणलेलं बीफ जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं.

‘आमच्यात नाहीच खात’ म्हणून इथे विषय संपवू नका. महाराष्ट्रातल्या अनेक घरांमध्ये हे पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न होतं, तेही मटणापेक्षा कितीतरी स्वस्त. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक वाचा. मराठवाड्यातल्या दलित घरांची खाद्यसंस्कृती त्यात नोंदवलेली आहे. त्या घरांसाठी बीफला पर्याय शोधणं हा ट्रेंड नाही, तो रोजच्या जेवणाचा हिशेब आहे. आणि तीन-चारशे रुपयांचं फ्रोझन पाकीट या हिशेबात बसत नाही.

पर्यावरणाचा मुद्दाही इथे जरा वेगळा होतो. मिशिगन विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात बियॉन्डच्या पॅटीमुळे बीफच्या पॅटीपेक्षा सुमारे ९० टक्के कमी हरितगृह वायू बाहेर पडतात, असं दिसलं. अभ्यास कंपनीनेच करून घेतला होता, हे लक्षात ठेवा. पण आकडा जसाच्या तसा मान्य केला, तरी ही बचत होते ती बीफ सोडून ती पॅटी खाल्ली तर. तुम्ही वडापाव सोडून खाल्ली, तर कसली बचत? बटाटा आधीच झाडाला (बरं, जमिनीखाली) लागतो.

सामना गाडीवरच्या वड्याशी

म्हणून सांगवीत या बर्गरसमोर उभा आहे तो वडापाव. पंधरा-वीस रुपयांत गरमागरम, लसणाची चटणी आणि तळलेली मिरची फुकट. किमतीत त्याला कुणी हरवू शकत नाही.

पण वड्याची एक बाजू लंगडी आहे, ती म्हणजे प्रोटीन. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे दिवसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. तुमचं वजन ६० किलो असेल, तर सुमारे ५० ग्रॅम. एका वडापावमधून मिळतं जेमतेम सात-आठ ग्रॅम. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पीडब्ल्यूडी मैदानावर पळत असाल आणि दिवस वडापाव-चहावर काढत असाल, तर शरीर कुठून भरून काढणार?

मोठ्या कंपन्यांनी ही नस ओळखली आहे. आपल्या भागातल्या मॅकडोनल्ड्सने २०२५ मध्ये बर्गरमध्ये घालायची शाकाहारी ‘प्रोटीन स्लाइस’ आणली. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी संस्थेसोबत ती तयार झाली. एका स्लाइसमध्ये सोया आणि वाटाण्याचं पाच ग्रॅम प्रोटीन, किंमत २५ रुपये. जाहिरातीत ‘मांसासारखं’ हा शब्दही नाही, आहे फक्त प्रोटीन.

मांसासारख्या चवीचं गिऱ्हाईक मात्र आपल्याकडे आहे, आणि ते कॅलेंडरवर सापडतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, वर अख्खा श्रावण! एरवी चिकनवर ताव मारणारा मित्र गुरुवारी मेसमध्ये पनीरकडे कसा बघतो, ते आठवा. व्हेज खिमा त्याच्यासाठीच. फक्त आजीला विचारून घ्या. ‘मटणाचा वास येतो म्हणजे मटणच,’ असा निकाल लागला, तर तिथे कुठलं अपील चालत नाही.

लातूरचं सोयाबीन जातं कुठे?

अभिनेता रितेश देशमुख आणि जेनेलिया यांनी २०२१ मध्ये ‘इमॅजिन मीट्स’ हा प्लांट-बेस्ड ब्रँड सुरू केला. रितेशचं मूळ लातूरचं आणि लातूर म्हणजे सोयाबीनची मोठी बाजारपेठ. तिथल्या सोयाबीनचं पुढे काय होतं, माहितीये? गाळून तेल निघतं आणि उरलेली प्रोटीनने भरलेली पेंड मोठ्या प्रमाणात कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तेच प्रोटीन मग चिकन होऊन आपल्या ताटात येतं.

सोयाबीन पिकवणाऱ्याच्या हातात काय पडतं? २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि अनेक बाजार समित्यांत शेतकऱ्याने त्याहून कमी दराने माल विकला. तुमच्या वर्गात मराठवाड्यातून शिकायला आलेलं कुणी असेल, तर विचारून बघा, आकड्यांपेक्षा जास्त कळेल. हेच सोयाबीन इथल्याच छोट्या उद्योगांतून स्वस्त, चविष्ट पॅटी होऊन गाडीवर आलं, तर बर्गरची ही कुस्ती खरंच बघण्यासारखी होईल. फूड टेक किंवा इंजिनिअरिंग करणाऱ्यांनो, घ्या की मनावर!

तोवर रूमवर करून बघा

सोया चंक्सच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ५२ ग्रॅम प्रोटीन असतं आणि ते किराणा दुकानात कुठेही मिळतात.

५० ग्रॅम चंक्स मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. मग गार पाण्यात घालून दोन-तीनदा घट्ट पिळा. सगळी मेख इथेच आहे, कारण न पिळलेल्या सोयालाच तो कच्चट वास राहतो. मिक्सरमधून भरड काढा. एक उकडलेला बटाटा, दोन मोठे चमचे भाजलेलं बेसन, आलं-लसूण, कांदा-लसूण मसाला आणि कोथिंबीर घालून मळा. चार टिक्क्या करून तव्यावर खरपूस भाजा. एका टिक्कीत सुमारे आठ ग्रॅम प्रोटीन. पावात घाला, वर गाडीवरून आणलेली लसणाची चटणी.

‘सोया खाल्ला की मुलांचे हार्मोन्स बिघडतात’ हा जिममधला सल्ला मनावर घेऊ नका. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२१ च्या संशोधनात पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर सोयाचा परिणाम आढळला नाही.

आता पुन्हा कृष्णा चौकात या. खिशात साठ रुपये तसेच आहेत आणि घाणा निघालाय. आज वडापाव खा, बिनधास्त खा. पण घरी जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून सोया चंक्सचं एक छोटं पाकीट घ्यायला विसरू नका.