डिझेलच्या पिकअप गाडीत इंधनपूरक द्रव्ये घालावीत काय?

शेतमाल बाजारात पोचविण्याच्या कामी गेल्या काही वर्षांत डिझेलवर चालणारी पिकअप गाडी शेतकऱ्यांच्या नित्य उपयोगाची झाली आहे. नारायणगावला टोमॅटो, लासलगावला कांदा, वाशीला भाजीपाला, असा माल सायंकाळी भरून गाडी रात्रीच मार्गस्थ होते. ती वेळेवर पोचली तर चार पैसे अधिक मिळतात. घाटात बंद पडली तर कोथिंबीर-मेथीसारखा माल सकाळपर्यंत कवडीमोल होतो. यामुळे गाडीच्या इंजिनाविषयी मालकाच्या मनात सदैव धास्ती असते, आणि नेमक्या या धास्तीवरच सुट्या भागांच्या दुकानांतून मिळणाऱ्या लहान-मोठ्या बाटल्यांचा खप चालतो. डिझेलच्या टाकीत ओतावयाच्या या द्रव्यांना बोलीभाषेत ‘डिझेलचे औषध’ म्हणतात. त्यांच्या वेष्टनांवर अधिक मायलेज, अधिक ताकद, कमी धूर, स्वच्छ इंजेक्टर आणि इंधनातील पाण्याचा नाश अशी आश्वासने एकत्रच छापलेली असतात.

औषध देण्यापूर्वी रोग कोणता हे पाहावे लागते. पिवळ्या पडलेल्या पिकाला पाणी साचल्यामुळे त्रास होत असेल तर फवारणी कितीही केली तरी गुण येत नाही. डिझेलच्या बाबतीतही पंपावरून मिळणाऱ्या इंधनात उणीव कोणती आहे, हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

पंपावरील डिझेल कसे असते?

भारतात मोटारगाड्यांच्या डिझेलसाठी आयएस १४६० हे मानक लागू आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ प्रतीचे इंधन विकले जाते व त्यात गंधकाचे प्रमाण दर दहा लाख भागांत १० भागांहून अधिक असून चालत नाही. स्टेज-४ मध्ये ही मर्यादा ५० भाग होती व स्टेज-३ मध्ये ३५० भाग. गंधक काढून टाकण्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांत डिझेलवर हायड्रोजनची प्रक्रिया करतात. या प्रक्रियेत गंधकाबरोबरच डिझेलला नैसर्गिक वंगणक्षमता देणारे काही सूक्ष्म घटकही नाहीसे होतात. ‘नव्या डिझेलमध्ये वंगण उरले नाही, म्हणून बाहेरून घालावे लागते’ असे जे सांगण्यात येते, त्याचे मूळ या वस्तुस्थितीत आहे. परंतु त्यातील पुढची अर्धी गोष्ट सांगितली जात नाही. ही उणीव भरून काढणारे द्रव्य कारखान्यातच आवश्यक त्या मात्रेत मिसळले जाते. प्रयोगशाळेत पोलादी गोळी डिझेलमध्ये बुडवून पोलादी चकतीवर घासतात व गोळीवर पडणारा झिजेचा व्रण मोजतात. हा व्रण ४६० मायक्रॉनहून मोठा असता कामा नये, असे मानकाचे बंधन आहे.

दुसरा गुण सिटेन अंकाचा. इंजिनात फवारलेले डिझेल किती तत्परतेने पेट घेते याचे हे माप असून आपल्याकडे तो किमान ५१ असावा लागतो. सिटेन अंक मुळात अपुरा असल्यास तो वाढविल्याने इंजिन थंडीत लवकर सुरू होते व त्याचा खडखडाट कमी होतो. तो पुरेसा असता आणखी वाढविल्याने मात्र ताकद वा मायलेज यांत जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

पिकअप गाड्यांसाठी अशी द्रव्ये वापरावीत ही शिफारस पुष्कळदा अमेरिकेतील गाडीमालकांच्या अनुभवावरून इकडे आलेली असते. तो अनुभव खोटा आहे असे नव्हे. पण तेथील इंधन निराळे आहे. अमेरिकेच्या मानकानुसार डिझेलचा सिटेन अंक ४० असला तरी चालतो, आणि झिजेच्या व्रणाची मर्यादा ५२० मायक्रॉन, म्हणजे आपल्यापेक्षा सैल आहे. शिवाय उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात तापमान शून्याच्या कितीतरी खाली जाते. तेथे एखाद्या बाटलीला जे काम असू शकते, ते काम मानकाबरहुकूम मिळणाऱ्या भारतीय डिझेलमध्ये बहुतांशी आधीच झालेले असते. माळरानावरच्या शेतकऱ्याने खाजणातल्या शेताची मशागत जशीच्या तशी उचलू नये, तसाच हा प्रकार आहे.

थंडीविषयी येथेच सांगून टाकणे बरे. डिझेलमधील मेण थंडीने गोठून गाळणी तुंबते, हे खरे आहे. लडाखमध्ये साधे डिझेल गोठत असल्याने इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल तेथे उपलब्ध करून दिले. महाराष्ट्रात निफाडकडे काही हिवाळ्यांत पहाटेचे तापमान ५ अंशांखाली जाते व द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. परंतु हा कडाका काही तासांचाच असतो, आणि भरलेल्या टाकीतील डिझेल हवेइतक्या वेगाने थंड होत नाही. राज्यात या कारणासाठी द्रव्य विकत घेण्याचे प्रयोजन नाही.

नवे इंजिन आणि जुन्या सवयी

जुन्या डिझेल इंजिनात यांत्रिक पंप असे व इंजेक्टर साधारणतः दोनशे ते अडीचशे बार दाबावर उघडत. असे इंजिन बरेच काही सोशीत असे. त्या काळी डिझेलमध्ये थोडे रॉकेल मिसळण्याची वा दुचाकीचे टू-स्ट्रोक तेल घालण्याची सवय अनेकांना लागली, आणि इंजिन तरीही चालत राहिल्याने ती योग्यच होती असा समज दृढ झाला.

आजच्या कॉमनरेल इंजिनात १,६०० बार वा त्याहूनही अधिक दाबाने डिझेल फवारले जाते. पंपातील व इंजेक्टरमधील हलत्या भागांत अवघ्या काही मायक्रॉनांची फट असते. माणसाचा केस तिच्या कितीतरी पट जाड असतो. या भागांना वंगण मिळते ते डिझेलचेच. रॉकेल हे डिझेलपेक्षा पातळ असून त्याची वंगणक्षमता कमी असते. म्हणून काटकसरीसाठी घातलेले रॉकेल त्या महाग पंपाच्या झिजेस कारण होते. टू-स्ट्रोक तेलाची हानी निराळ्या ठिकाणी दिसते. स्टेज-६ च्या पुष्कळ डिझेल गाड्यांच्या धुरनळीत काजळी अडविणारी सच्छिद्र गाळणी बसविलेली असते. तीत साठलेली काजळी सुमारे ६०० अंश तापमानावर जाळून ती आपोआप साफ होते. काजळी जळते, पण राख जळत नाही. तेलातील व काही पूरक द्रव्यांतील धातूंच्या संयुगांची राख त्या छिद्रांत कायमची बसते, आणि पुढे ही गाळणी बदलण्याचा खर्च अंगावर येतो. ज्या द्रव्याच्या वेष्टनावर अशा गाळणीच्या गाड्यांत ते चालते असा स्पष्ट उल्लेख नाही, ते स्टेज-६ च्या गाडीत घालूच नये.

गाळणीचा दिवा लागला म्हणून टाकीत बाटली ओतणारे चालकही आढळतात. दररोज शेत ते गाव एवढीच दोन-तीन किलोमीटरची फेरी होत असेल तर धुरनळी पुरेशी तापत नाही व काजळी साठते. अशा वेळी गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ती मोठ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने काही काळ चालविणे हाच पहिला उपाय होय.

खरा शत्रू पाणी

ग्रामीण भागात इंधनयंत्रणेचे पुष्कळसे बिघाड डिझेलच्या रासायनिक उणिवेने होत नसून पाणी व धूळ यांमुळे होतात, आणि या दोहोंवर बाटलीचा उपाय चालत नाही. ट्रॅक्टर, पाण्याचे इंजिन व पिकअप या सर्वांसाठी मिळून डिझेल पत्र्याच्या पिंपात वा प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये आणून गोठ्याच्या कडेला ठेवण्याची रीत सर्वत्र आहे. पिंप अर्धे रिकामे झाले की आत हवा शिरते. रात्रीच्या गारव्याने त्या हवेतील ओलाव्याचे थेंब पत्र्याला धरतात आणि खाली उतरतात. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या झाकणावर पाणी साचते व बुचाच्या आट्यांतून आत झिरपते. डिझेलमध्ये जैविक डिझेलचा अंश असेल तर ते साध्या डिझेलपेक्षा अधिक ओलावा धरून ठेवते.

पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म बुरशी व जंतू वाढतात. गाळणी काढल्यावर तीवर काळसर, बुळबुळीत थर दिसला व आंबूस वास आला तर ही वाढ झाली असे समजावे. असे पाणी उच्च दाबाच्या पंपात गेल्यास वंगणाचा थर तुटतो, पोलादाला गंज चढतो आणि इंजेक्टर कायमचा निकामी होतो.

‘पाण्याचा नाश करते’ असे सांगणाऱ्या द्रव्यांपैकी काहींत अल्कोहोलसारखे पदार्थ असतात. ते पाण्याला डिझेलमध्ये बारीक कणांच्या रूपाने मिसळवून टाकतात. म्हणजे पाणी नाहीसे होत नाही, तर जी गाळणी त्याला तळाशी थोपवून धरीत होती तिच्यातूनच ते पार होऊन इंजेक्टरपर्यंत पोचते. त्यापेक्षा गाळणीखालचा पाणी सोडण्याचा स्क्रू ठरल्या वेळी सैल करून तळचे पाणी काढून टाकणे बिनखर्चाचे व खात्रीचे आहे. मीटरच्या पाटीवर पाण्याचा दिवा लागल्यास गाडी पुढे न रेटता हे काम तेथेच करावे. गाळणी माहितीपुस्तिकेतील अंतराप्रमाणे बदलावी. धुळीच्या कच्च्या रस्त्यांवर ती त्याआधीच बदलणे हितावह ठरते. बाजारातील हलकी, स्वस्त गाळणी घेऊन वाचविलेल्या पैशांचे औषध विकत घेणे हा व्यवहार उलटा आहे.

शक्यतो पिकअपमध्ये पिंपातील डिझेल घालू नये, थेट पंपावरच भरावे, आणि रात्री गाडी उभी करताना टाकी रिकामी न ठेवता भरलेली ठेवावी. डिझेलविषयी शंका आल्यास पंपावर घनता तपासून मागण्याचा ग्राहकास अधिकार आहे. १५ अंश तापमानाला आणलेली घनता पंपाच्या नोंदीतील घनतेशी ताडून पाहतात, व घनमीटरमागे ३ किलोहून अधिक तफावत निघाल्यास ते इंधन संशयास्पद ठरते.

द्रव्य केव्हा उपयोगी पडते?

सर्वच द्रव्ये निरर्थक आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. इंजेक्टरवर साठलेला थर धुऊन काढणारी शोधक द्रव्ये आहेत व योग्य प्रकारची असल्यास ती काम करतात. काही पंपांवर अधिक दराने मिळणाऱ्या डिझेलमध्ये अशीच द्रव्ये मोजून मिसळलेली असतात. पुष्कळ चाललेल्या गाडीचे इंजिन अडखळू लागले, आणि कार्यशाळेत तपासणी करून इंजेक्टरवर थर आहे असे ठरले, तर गाडीच्या उत्पादकाने मान्य केलेले शोधक द्रव्य सांगितलेल्या मात्रेत एक-दोन टाक्यांपुरते वापरण्यास हरकत नाही. बुरशी झालेल्या पिंपाला जंतुनाशक द्रव्य लागू पडते. मात्र आधी तळाचे पाणी व गाळ काढून पिंप स्वच्छ केले पाहिजे. मृत बुरशीही गाळणी तुंबविते, याचा विसर पडू नये. मात्रा दुप्पट केल्याने गुण दुप्पट येत नाही, हे कीटकनाशकांच्या अनुभवावरून शेतकऱ्यांस वेगळे सांगावयास नको. काळा धूर निघत असेल तर प्रथम हवेची गाळणी पाहावी. ती धुळीने भरलेली असताना टाकीत काहीही ओतले तरी धूर तसाच राहील.

गाडी हमीच्या मुदतीत असल्यास आणखी एक विचार करावा. उत्पादकाने मान्य न केलेले द्रव्य वापरल्याचे आढळून इंधनपंप वा इंजेक्टर त्यामुळे बिघडला असे ठरले, तर हमी नाकारली जाण्याचा धोका असतो.

मायलेजचा हिशेब

मायलेज वाढते या दाव्याची परीक्षा कागद-पेन्सिलीने करता येते. ५० लिटर डिझेलसाठीच्या बाटलीची किंमत ३०० रुपये आणि डिझेलचा दर लिटरला ९० रुपये धरू. बाटलीच्या किमतीत सुमारे ३.३३ लिटर डिझेल येते. गाडी लिटरला १३ किलोमीटर चालत असेल तर ५० लिटरमध्ये ६५० किलोमीटर होतात. केवळ बाटलीचे पैसे निघण्यासाठी त्याच ५० लिटरमध्ये सुमारे ६९३ किलोमीटर, म्हणजे लिटरला जवळजवळ १३.९ किलोमीटर पडले पाहिजेत. फायदा याच्या पुढे सुरू होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधनबचतीची शंभराहून अधिक साधने व द्रव्ये तपासली, त्यांतील फारच थोड्यांनी काही बचत दाखविली व तीही अल्प होती.

तरीही कोणास स्वतः पडताळा घ्यावयाचा असेल तर नव्या खताची चाचणी करताना शेजारी बिनखताचा वाफा राखतात, तसे करावे. एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरून, एकाच रस्त्याने, सारख्याच भाराने, एकाच चालकाकडून तीन टाक्या द्रव्याविना व तीन द्रव्यासह चालवाव्यात आणि किलोमीटर व लिटर वहीत लिहून ठेवावेत. चाकांतील हवा दोन्ही वेळा सारखी हवी. चाचणी चालू आहे हे ठाऊक असले की चालकाचा पाय आपोआप हलका पडतो. म्हणून टाकीत द्रव्य आहे की नाही हे त्याला कळू न देणे उत्तम.

युरियाच्या टाकीविषयी इशारा

स्टेज-६ च्या काही गाड्यांना निळ्या झाकणाची दुसरी टाकी असते. तीत शुद्ध पाण्यातील ३२.५ टक्के युरियाचे द्रावण भरतात. हे द्रावण डिझेलमध्ये मिसळत नाही. ते धुरनळीत फवारले जाऊन धुरातील नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे निरुपद्रवी करते. घरात युरियाची गोणी आहे म्हणून शेतातला युरिया पाण्यात कालवून ही टाकी भरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण तो आवरला पाहिजे. २०१५ पासून शेतीसाठीचा सर्व युरिया कडुनिंबाच्या तेलाचे आवरण देऊनच विकला जातो. ते तेल, गोणीतील अशुद्ध घटक व विहिरीच्या पाण्यातील क्षार यांनी फवारणीचे तोंड बुजते व धूर शुद्ध करणारा भाग निकामी होतो. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीबाहेरच्या कामी वापरणे हा कायद्याने गुन्हा आहे. सीलबंद डब्यातील प्रमाणित द्रावणच घ्यावे. ते चुकून डिझेलच्या टाकीत ओतले गेले तर किल्लीसुद्धा फिरवू नये, कारण किल्ली फिरविताच विद्युत पंप ते पुढे खेचतो; गाडी आहे तेथेच उभी ठेवून कार्यशाळेतील माणसास बोलावावे व टाकी पूर्ण रिकामी करून घ्यावी.