विमाने अजून एएमवर का बोलतात?

मुंबईकडे उतरायला निघालेले नवेकोरे जेट विमान उपग्रहांच्या मदतीने आपली जागा काही मीटरपर्यंत अचूक सांगू शकते. त्याच विमानातला वैमानिक नियंत्रकाशी बोलतो तो मात्र एएम रेडिओवर, म्हणजे मध्यम लहरींवरून आकाशवाणीच्या बातम्या ज्या पद्धतीने येत आल्या त्याच पद्धतीने. अमेरिकी अभियंता एडविन आर्मस्ट्राँगला रुंद पट्ट्याच्या एफएमचे पेटंट १९३३ मध्ये मिळाले. पुढे पोलिसांचे वॉकीटॉकी, जहाजांचे व्हीएचएफ संच, गाण्यांची स्टेशने असे सगळे एफएमकडे गेले. विमाने राहिली. याला सरसकट सुस्ती म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे, आणि सुस्तीचा वाटा त्यात नक्की आहे. पण विमानांच्या पट्ट्यावरचे बोलणे ऐकण्यासाठी हौशी मंडळी जे छोटे सर्किट जुळवतात, ते टप्प्याटप्प्याने उलगडून पाहिले तर या जुन्या पद्धतीच्या बाजूने बरेच काही निघते. त्या सर्किटातला साधेपणा येतो तो एएममुळे. अवघडपणा येतो तो शेजारच्या स्टेशनांमुळे.

हा पट्टा १०८ ते १३७ मेगाहर्ट्झचा. त्यातल्या ११८ पर्यंतच्या भागात व्हीओआर दिशादर्शक आणि धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारे संकेत असतात. बोलणे चालते ते ११८ च्या वर. १२७ मेगाहर्ट्झची लहर साधारण २ मीटर ३६ सेंटिमीटर लांब, म्हणून अँटेनाला पाव लहरीएवढी, ५९ सेंटिमीटरची उभी तार पुरते. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि म्हणूनच उंचीला इथे फार किंमत आहे. १०,००० मीटरवरून उडणाऱ्या विमानाचे रेडिओ क्षितिज सुमारे ४१० किलोमीटरवर असते, तर जमिनीपासून ३० मीटरवर लावलेल्या अँटेनाचे जेमतेम २२-२३ किलोमीटरवर. साताऱ्यात बसलेल्याला डोक्यावरून जाणारे विमान स्वच्छ ऐकू येईल, मुंबईचा टॉवर मात्र नाही. संवादाची एकच बाजू त्याच्या वाट्याला येते. वैमानिकाच्या संचाची ताकद १० वॉट धरली आणि मधे काही अडथळा नाही असे मानले, तर १०० किलोमीटरवरच्या साध्या अँटेनात सुमारे ४० मायक्रोव्होल्ट मिळतात. रेडिओच्या हिशेबात हे चांगले भरघोस आहे. तेव्हा संकेत क्षीण असतो हे हौशी माणसाचे मुख्य दुखणे नव्हे. नको ते संकेत त्याहून कितीतरी जोरदार असतात, हे आहे.

मग १२७ मेगाहर्ट्झवरच हवे ते निवडून का वाढवू नये? कारण कॉइल आणि कपॅसिटरची चांगली जोडीसुद्धा या फ्रिक्वेन्सीला एक-सव्वा मेगाहर्ट्झ रुंदीचा झोत आत घेते. त्यात २५ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली पन्नासेक चॅनेल मावतात. यावरचा उपायही आर्मस्ट्राँगचाच, १९१८ चा सुपरहेटरोडाइन: येणाऱ्या संकेतात घरच्या ऑसिलेटरची लहर मिसळायची, दोहोंच्या फरकाची नवी लहर काढायची आणि निवड करायची ती त्या ठरलेल्या, खालच्या फ्रिक्वेन्सीवर. हौशी सर्किटात हे काम वर्षानुवर्षे एनई६०२ नावाच्या आठ पायांच्या चिपने केले. मिक्सर आणि ऑसिलेटर दोन्ही तिच्या पोटात असतात आणि ऑसिलेटर २०० मेगाहर्ट्झपर्यंत चालतो. फरकाची लहर बहुधा १०.७ मेगाहर्ट्झची निवडतात, कारण एफएम रेडिओंच्या कारखान्यांनी त्या फ्रिक्वेन्सीचे फिल्टर ढिगांनी बनवून स्वस्त करून ठेवले आहेत. विमानांनी एफएम नाकारले तरी त्यांचे बोलणे ऐकणारा संच एफएमच्याच सुट्या भागांवर उभा राहतो, ही त्यातली गंमत.

ऑसिलेटर संकेताच्या वर ठेवायचा की खाली, हा प्रश्न कागदावर क्षुल्लक वाटतो. १०.७ चा फरक दोन्ही बाजूंनी मिळतो, आणि तिथेच फसगत होते, कारण ऑसिलेटरच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर असलेले स्टेशनही त्याच वाटेने आत येते. याला प्रतिमा म्हणतात. ऑसिलेटर खाली ठेवला तर ही प्रतिमा हव्या चॅनेलच्या २१.४ मेगाहर्ट्झ खाली पडते, म्हणजे पट्ट्याच्या अर्ध्याहून अधिक भागासाठी थेट एफएम स्टेशनांमध्ये. मुंबईत १२२.१ लावले की १००.७ वरचे आकाशवाणीचे एफएम गोल्ड फाटक्या आवाजात घुसेल. वर ठेवला तर प्रतिमा १३९.४ ते १५८.४ या भागात जाते. तिथेही बिनतारी संच असतात, पण ते चोवीस तास किलोवॉटनी ओरडत नाहीत. म्हणून बहुतेक जाणते रचनाकार ऑसिलेटर वर ठेवतात, १२८.७ ते १४७.७ मेगाहर्ट्झमध्ये. तेवढ्याने एफएम स्टेशनांचा त्रास संपत नाही. एनई६०२ जोरदार संकेतांपुढे लवकर गुदमरते आणि गुदमरलेला मिक्सर स्वतःच नवी भुते तयार करतो. १०७.१ ची दुप्पट करून त्यातून ९३.५ वजा करा, १२०.७ येते, मुंबईत ही दोन्ही स्टेशने आहेत आणि १२०.७ विमानांच्या पट्ट्यात बसते. म्हणून अँटेना आणि मिक्सर यांच्या मधे १०८ च्या खालचे सारे दाबणारा फिल्टर घालावाच लागतो. नवख्यांचे संच फसतात ते बहुधा इथे, आणि तरी पुष्कळ छापील सर्किटांत हाच फिल्टर एका कॉइलवर उरकलेला असतो.

मिक्सरनंतरच्या टप्प्यावर एएमची उदारता दिसते. रेडिओच्या दुकानात मिळणारा १०.७ चा सिरॅमिक फिल्टर एफएमसाठी असल्यामुळे २३० किंवा २८० किलोहर्ट्झ रुंद असतो, म्हणजे विमानांची नऊ ते अकरा चॅनेल एकदम आत घेतो. हा दोष आहे खरा, पण हौशी संचाला तोच तारून नेतो. ऑसिलेटर लावण्यासाठी बहुधा व्हॅरॅक्टर डायोड आणि पोटेन्शिओमीटर असतो. १९ मेगाहर्ट्झचा पट्टा २७० अंशांच्या फिरकीवर पसरला की दर अंशाला सुमारे ७० किलोहर्ट्झ, म्हणजे जवळजवळ तीन चॅनेल येतात. शिवाय कॉइल तापली-निवली की ऑसिलेटर सरकतो. अशा ढिल्या संचावरही बोलणे समजते, कारण एएमच्या डिटेक्टरला वाहक लहर फिल्टरच्या मधोमध आहे की कडेला याची पर्वा नसते. लहरीची उंची कशी चढते-उतरते एवढेच तो पाहतो. ताशी ९०० किलोमीटरने येणाऱ्या विमानाची फ्रिक्वेन्सी डॉपलर परिणामाने शंभरेक हर्ट्झने सरकते. समुद्रापारच्या संपर्कासाठी लघुलहरींवर एक बाजू आणि वाहक लहर दोन्ही गाळून पाठवण्याची पद्धत आहे. तिथे रिसीव्हर एवढा चुकला तरी आवाजाचा पोत बिघडतो. एएममध्ये वाहक आणि तिच्या बाजू एकत्रच सरकतात, त्यामुळे काहीच बिघडत नाही. मन लावून काम करणारा हौशी माणूस पुढे १५ किलोहर्ट्झचा क्रिस्टल फिल्टर घालतो. मग मात्र ऑसिलेटरही तितकाच स्थिर करावा लागतो.

फिल्टरनंतर एमसी१३५० सारखी वर्धक चिप, मग एक डायोड, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, आणि शेवटी एलएम३८६ वर छोटा स्पीकर. डायोडमधून आवाजाबरोबर एक स्थिर व्होल्टेजही निघते. ते वाहक लहरीच्या सरासरी ताकदीएवढे असते. हे व्होल्टेज वर्धकाकडे उलटे फिरवले की ५ किलोमीटरवरचे विमान आणि २०० किलोमीटरवरचे विमान जवळजवळ सारख्याच आवाजात ऐकू येते. तेच एका तुलना करणाऱ्या सर्किटाला दिले की बोलणे नसताना स्पीकर बंद राहतो; याला स्क्वेल्च म्हणतात. ही दुसरी सोय चैनीची नाही. या पट्ट्यावर बोलणे काही सेकंदांचे आणि शांतता लांब, तेव्हा स्क्वेल्चशिवायचा संच पाच मिनिटांत डोके उठवतो. एका डायोडमधून तीन कामे निघतात ती वाहक लहर सतत पाठवली जाते म्हणून. ती पाठवण्यात बरीच ताकद वाया जाते हा आक्षेप खरा आहे, पण रिसीव्हरमध्ये त्याची पुरेपूर भरपाई होते.

एएमच्या बाजूचा सर्वात मोठा मुद्दा दोघे एकदम बोलतात तेव्हाचा. एफएमचा रिसीव्हर जोरदार संकेत पकडतो आणि दुबळ्याला पुसून टाकतो. ऐकणाऱ्याला दुसरे कोणी होते याचा पत्ताही लागत नाही. एएममध्ये दोन वाहक लहरींच्या फरकाची कर्कश शिट्टी वाजते, म्हणजे निदान टक्कर झाल्याचे कळते. याच गुणामुळे मोठ्या प्रदेशासाठी दूरदूरचे ग्राउंड ट्रान्समीटर फ्रिक्वेन्सीत काही किलोहर्ट्झचा फरक ठेवून एकाच चॅनेलवर एकदम चालवता येतात. शिट्टी आवाजाच्या पट्टीबाहेर जाते आणि बोलणे शाबूत राहते.

यावर टेनेरिफचा दाखला दिला जातो, आणि तो टाळता येत नाही. २७ मार्च १९७७ रोजी तिथल्या लॉस रोदेओस विमानतळाच्या धुक्यात केएलएम आणि पॅन अॅम यांची दोन जंबो विमाने धडकली आणि ५८३ माणसे गेली. टॉवर केएलएमला थांबायला सांगत होता आणि पॅन अॅम आपण अजून धावपट्टीवर असल्याचे कळवत होते. दोन्ही संदेश एकाच वेळी निघाले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये तीन-चार सेकंदांची शिट्टी उमटली. आक्षेप घेणारा म्हणेल की एफएम असते तर दोहोंपैकी एक संदेश तरी स्पष्ट पोचला असता आणि कोणताही पुरेसा ठरला असता. हे कबूल करायला हवे. पण त्या दिवशी दोन्ही संदेश एकाच अर्थाचे होते हा योगायोग होता. एका विमानाला दिलेली परवानगी दुसऱ्याच्या इशाऱ्यावर चढली असती, तर एफएमने इशारा निमूट गिळला असता आणि परवानगी ठणठणीत ऐकवली असती. शिट्टी ऐकूनही कोणी पुन्हा विचारले नाही, तिथे यंत्राचे काम संपून माणसांचे सुरू झाले होते. अपघातानंतर बदलली ती शब्दयोजना: ‘टेकऑफ’ हा शब्द आता प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात.

सुस्तीचा वाटा किती, याचे उत्तर मग असे देता येईल. जगभरातले प्रत्येक विमान आणि प्रत्येक टॉवर एकाच दिवशी बदलल्याशिवाय पद्धत बदलत नाही. हे ओझे एवढे आहे की एएम थोडे कमअस्सल असते तरी टिकले असते. म्हणून निव्वळ टिकून राहण्यावरून त्याचे गुण सिद्ध होत नाहीत, ते सर्किटावरूनच दाखवावे लागतात.

आजचा वाचक विचारेल, संगणकाला लावायचा स्वस्त एसडीआर डोंगल असताना हा उपद्व्याप कशाला? डोंगलच्या आतही ट्यूनर, ऑसिलेटर आणि मिक्सर असतोच; फक्त शेवटची निवड आणि डिटेक्टर सॉफ्टवेअरमध्ये जातात. त्याचा आठ बिटांचा परिवर्तक एफएम स्टेशनांच्या गजबजाटात एनई६०२ इतकाच गुदमरतो, आणि उपायही तोच, पुढे फिल्टर. सोय म्हणून डोंगल श्रेष्ठ आहे. दुखणी दोघांचीही तीच. सुपर-रिजनरेटिव्ह नावाचे एका ट्रान्झिस्टरचे सर्किट याहून स्वस्त पडते, पण ते ज्या चॅनेलवर ऐकते त्याच चॅनेलवर अँटेनातून खरखर बाहेर टाकते, म्हणून त्याच्या पुढे वर्धकाची आडभिंत हवीच. ऑसिलेटरची गळती ही थट्टेची गोष्ट नव्हे. साध्या एफएम रेडिओचा ऑसिलेटर स्टेशनच्या १०.७ मेगाहर्ट्झ वर चालत असल्याने बऱ्याच स्टेशनांवर तो १०८ च्या पुढे, दिशादर्शकांच्या पट्ट्यात पडतो. खिशातले असे रेडिओ विमानात बंद ठेवायला सांगण्याचे हेच मूळ कारण. भारतात आणखी एक गोष्ट आहे: १९३३ च्या कायद्याने बिनतारी संच बाळगायलाच परवाना लागत असे, घरगुती रेडिओला पुढे मिळालेली सूट फक्त प्रसारण ऐकण्यापुरती होती, आणि आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. तेव्हा सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी दूरसंचार विभागाचे आजचे नियम वाचून घ्यावेत.

युरोपात गर्दी वाढली तेव्हाही एएम सोडले गेले नाही. १९९९ पासून वरच्या उंचीवर २५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलच्या जागी ८.३३ ची तीन बसवली गेली, आणि नंतर ही पद्धत खालच्या उंचीपर्यंत आली. तिथल्या हौशी सर्किटात पोटेन्शिओमीटरची जागा क्रिस्टलला बांधलेल्या सिंथेसायझरने घेतली आणि फिल्टर अरुंद झाला. डिटेक्टर आणि त्यावरून चालणारा स्क्वेल्च यांना हात लावावा लागला नाही.